सत्यवतीचं लिव्हर आणि जानूचं ताट

सत्यवती माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, जानूची बायको. आमच्या वाडीत कुणी दारूचं नाव काढलं तर आधी मागं वळून बघतो, ही जवळपास नाही ना म्हणून. एकदा खाडीपलीकडून होडीतनं आलेले दारूचे कॅन तिनं भर दुपारी वाळूत ओतले होते. कॅन ज्याचे होते तो तिचा मावसभाऊ. तो किनाऱ्यावर उभा राहून ओरडत होता, "सत्ये, मासे मरतील गो!" ही म्हणाली, "मरूंदेत. पिऊन मेलेले मासे मी विकीन. पिऊन मेलेला भाऊ कुठं विकू?"

तर अशा बाईला एक दिवस डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, खरं सांगा, दारू घेता का?" तिथनं पुढं जे झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. जेवढं उमगलं तेवढं लिहिते. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले, तीही मासे सुकवायचे दिवस सोडून, तेव्हा कुठं अडखळले तर तुम्ही पुढं जा.

आधी जानूचं सांगायला हवं. होडीवर असला की जानूसारखा होडी हाकणारा तांडेल नाही, आणि होडीवरनं उतरला की त्याच्यासारखा पिणारा नाही. आमच्या सासूबाई, येसूबाई, यांचा घरात एक नियम होता. नवरा जेवून उठला की बायकोनं त्याच्याच ताटात वाढून घ्यायचं. त्याचं उरलेलं आधी खायचं, मग आपलं. मीही तशीच जेवले. पण माझा नवरा ताटात मिरचीचं देठसुद्धा मागं ठेवत नसे, त्यामुळे उष्टं खाल्ल्याचं पुण्य मला काही फारसं लागलं नाही. जानूचं तसं नव्हतं. पिऊन यायचा, दोन घास कालवायचा आणि तिथंच पेंगायचा. उरलेला सगळा भात सत्यवती गिळायची. ताटाला दारूचा वास यायचा, पण सासूबाई समोर बसलेल्या असायच्या.

शेवटी जानू पिवळा झाला. पोट घागरीएवढं, हातपाय काटक्या. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं. तोवर आम्हांला वाटायचं, लिव्हर दारू पिणाऱ्यांनाच असतं, बाकीच्यांना नुसतं पोट. कावीळ झाली की उसाचा रस द्यायचा हे तर सगळ्यांना ठाऊक. सत्यवती रोज रत्नागिरीत जाऊन रस आणायची. जानू प्यायचा आणि म्हणायचा, "गोड हाय गो. हे आधी का नाय पाजलंस?" आणि तो गेला. त्यांचा सूरज तेव्हा शाळेत जात होता.

मग सत्यवतीनं माशांची पाटी डोक्यावर घेतली. आतल्या गावांतनं चढउतार करत बांगडे, पेडवे विकायची. सकाळी पेज पिऊन निघायची ती उन्हं कलल्यावर परत. तेव्हा ती इतकी बारीक होती, की लांबनं बघितलं तर पाटी एकटीच चालत येतेय असं वाटायचं. सूरज मोठा झाला, होडीला लागला, आणि एक दिवस म्हणाला, "आये, लय चाललीस. आता बसायचं." बाजारात तिला बसायला ओटा मिळवून दिला. मासे टेम्पोनं येतात, ही बसून विकते. गिऱ्हाईक आलं की चहा, गिऱ्हाईक गेलं की चहा, आणि बाजारातला चहा म्हणजे साखरेचा पाकच. सोबत नानकटाई. बसून बसून सत्यवती अशी भरली, की शेजारचीला ओट्याच्या कडेला सरकावं लागलं. आम्ही म्हणायचो, बिचारीला सुख मानवलं.

मागच्या दिवाळीनंतर तिला उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. सून रुपालीनं तिला दवाखान्यात नेलं, सोबत मी. सोनोग्राफी झाली आणि तिथंच ते दारूचं विचारलं गेलं.

सत्यवतीचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. "कोण? मी?"

"रागावू नका. लिव्हरमध्ये चरबी दिसतेय, म्हणून विचारावं लागतं."

"वयनी, सांग हिला. सांग मी कोण हाय ती."

मी कॅनची हकिकत सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या. नागपूरकडची पोरगी, बोलणं भरभर आणि बाहेर रांग. म्हणाल्या, मग हे वजनानं झालंय, हल्ली पुष्कळांना होतं, वजन उतरवा, चाला, गोड बंद करा. हे सगळं एका दमात. पण सत्यवतीच्या कानात 'लिव्हर' हा शब्द शिरला होता आणि तो दार लावूनच बसला. पुढचं काही आत गेलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट वेगळं झालं. पेला वेगळा, पाण्याचा तांब्या वेगळा. सूरजची लेक सानवी अजून बालवाडीतही जात नाही. ती पोर जन्मापासून आजीच्या ताटात जेवायची. आईनं भरवलं तर तोंड फिरवायची, आणि आजीनं बांगड्याचा काटा काढून दिला की चिमणीसारखी आ करायची. त्या दिवशी नेहमीसारखी येऊन मांडीवर बसायला गेली, तर सत्यवतीनं तिचा हात उडवला. "शिवायचं नाय! माझ्या ताटाला शिवायचं नाय!"

पोरीनं असा टाहो फोडला की शेजारची चिमा धावत आली. रुपालीला वाटलं, सासू आपल्यावरचा राग पोरीवर काढतेय. तिनं मुकाट्यानं पोर उचलली. त्यानंतर घरात रोज दोन्ही वेळेला तेच. आजी भिंतीकडं तोंड करून जेवतेय, पोर उंबऱ्यात बसून हुंदके देतेय, ताटलीतला भात सुकतोय.

मी सत्यवतीला मागच्या अंगणात गाठली. "काय चाललंय तुझं? पोरगी अर्धी झाली."

ती धुणं आपटत राहिली. मग म्हणाली, "वयनी, जानूचं मला लागलं."

"काय लागलं?"

"लिव्हर. त्याच्या ताटातनं. इतकी वर्षं आत दडून बसलं होतं, आता वर आलं. उद्या माझ्या ताटातनं पोरीला लागंल." पिळा झटकला, त्याचं पाणी माझ्या तोंडावर. "शिमगा झाला की मी बुरोंडीला जाते, भावाकडं. कायमची. सूरजला आत्ताच सांगू नको."

मलाही ते खरंच वाटलं. तिनं कधी थेंब घेतला नाही, मग दारुड्याचा रोग आला कुठनं? ताटातनंच. हिशेब बरोबर होता. रात्री अंथरुणावर पडून मी माझा नवरा कशानं गेला ते आठवत बसले. तो पडला होता माडावरनं. ते काही ताटातनं लागत नसावं.

सूरजला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईचं लिव्हर बिघडलंय एवढं त्याला कळलेलं, आणि लिव्हरला उसाचा रस, हे त्यानं लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. तो रोज संध्याकाळी धक्क्यावरनं येताना रस आणायचा. मोठी बाटली, वर काळी पिशवी. इकडं सत्यवतीनं मासे सोडले, तेल सोडलं, खोबरं सोडलं. चरबी नको म्हणजे चरबीचं काही नको. दोन्ही वेळेला गुरगुट्या भात, मधे चहा, आणि वरनं तो रस. पोराचं प्रेम म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची.

चिमानं मला विहिरीवर विचारलं, "काय गो वयनी, सत्यवतीकडं रोज काळ्या पिशवीतनं बाटली जाते, ती कसली?"

"रसाची."

"हां," चिमा म्हणाली. "रसाचीच असंल. आमचा मेला पण रसाचीच म्हणतो."

शिमगा जवळ आला तशी सत्यवती आपली लुगडी एका बोचक्यात बांधायला लागली. त्याच सुमारास पुन्हा तपासायची तारीख होती. या वेळी सूरज घेऊन गेला आणि मी आपली सोबत. कुशीत टकटक करणारं एक यंत्र लावून लिव्हर किती कडक झालंय ते बघितलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, पुन्हा बघितला.

"मावशी, हे कमी व्हायला हवं होतं. वाढलंय. तळलेलं खाता?"

"बंद."

"तेल?"

"वाससुद्धा घेत नाय."

"मासे तरी खाता ना?"

"मासे विकते, तोंडात घालत नाय."

"मग खाता काय?"

सूरज पुढं सरकला. छाती फुगवून म्हणाला, "डाक्टर, मी रोज उसाचा ताजा रस देतो. बर्फ न घालता. एक दिवस चुकवला नाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावलं. बाहेरची रांग कुरकुरली, पण त्या खुर्ची ओढून आमच्या अगदी समोर बसल्या आणि कागदावर चित्र काढायला लागल्या. लिव्हरचं चित्र मला उलट्या करवंटीसारखं दिसलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. आपण साखर खातो, अंग ती जाळतं. उरली की लिव्हर तिची चरबी करतं. स्वतः करतं, आत बसून. उसाच्या गोडीतला अर्धा भाग तर सरळ लिव्हरकडंच धाडला जातो, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही म्हणे.

"थांबा," सत्यवती म्हणाली. "साखरेत चरबी कुठनं आली? मी तेलाला शिवले नाय."

"चरबी बाहेरून यायला लागत नाही, मावशी."

"मग तेल सोडलं ते फुकट?"

"फुकट नाही, पण... रस सोडायला हवा होता."

सूरज खाली बघायला लागला. एवढा आडवातिडवा गडी, कानापर्यंत लाल झाला.

मग निघालं इन्सुलिन. मी समजत होते ते साखरेच्या आजाराचं इंजेक्शन. तर ते आपल्या अंगातच असतं, आणि त्याचं काम निरोप पोचवायचं. आपण जेवलो की ते लिव्हरला दोन निरोप देतं. एक, आता रक्तात साखर सोडू नको. दुसरा, जास्तीच्या साखरेची चरबी करून ठेव. माणूस असा फुगला की लिव्हर पहिला निरोप ऐकेनासं होतं. मग इन्सुलिन आणखी येतं, आणखी ओरडतं. आणि दुसरा निरोप मात्र लिव्हर नीट ऐकतं, चरबी करतच राहतं.

मी विचारलं, "म्हणजे एकाच कानानं बहिरं?"

"तसंच समजा, आजी."

"हा सूरज असाच हाय," सत्यवती म्हणाली. "जेवायला ये म्हटलं की ऐकू येतं. पाणी भर म्हटलं की नाय."

"पण असं का होतं हो?" मी विचारलं.

"ते अजून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पुरतं कळलेलं नाही."

मला फार बरं वाटलं. एवढा वेळ मी एकटीच गोंधळले होते, आता सोबतीला शास्त्रज्ञ मिळाले.

पुढचं आणखी अवघड. अंगावरची चरबी म्हणजे साठवायची कोठी. ती भरली, की इन्सुलिन तिलाही सांगतं, दार लावून घे. तीही ऐकत नाही. चरबी रक्तात गळत राहते, आणि तिथनं पुन्हा लिव्हरमध्येच. सत्यवतीनं आपल्या दंडाकडं बघितलं, मग पोटाकडं. "एवढी जागा हाय, अजून मावत नाय?"

"कोठी कुणाची केवढी, ते सांगता येत नाही. बारीक माणसाचीसुद्धा भरून गळते."

हे ऐकून मी हळूच माझी उजवी बरगडी दाबून बघितली. मी बोंबलासारखी सुकी. तरी काहीतरी जड लागलं. घरी गेल्यावर कळलं, ती कनवटीला खोचलेली मिश्रीची डबी होती.

"चरबीनं भरलेल्या पेशी सुजतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही मरतात. मग तिथं चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात, त्या जाग्या होतात आणि दोरे विणायला लागतात. जखम भरावी म्हणून. दोरे फार झाले की लिव्हर कडक होतं."

"पोटात चांदण्या?" मी म्हटलं.

"जाळं शिवल्यासारखं?" सत्यवतीनं विचारलं.

"हो, तसंच."

"मग चांगलंच की. फाटलं ते शिवलं."

सूरजच हळू आवाजात म्हणाला, "आये, सगळं जाळं नुसत्या गाठींचंच झालं, तर पाण्यात टाकून काय करायचं?"

सत्यवतीनं कागदावरच्या चित्रावर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, "जानूचं असंच झालेलं?"

"जानू कोण?"

"माझा घरवाला. दारूनं गेला."

"शेवटी दोन्ही सारखंच दिसतं, मावशी. यायची वाट वेगळी."

"बघ!" ती माझ्याकडं वळली आणि तिला रडूच फुटलं. "बघ वयनी, सारखंच! त्याच्या ताटातनंच आलं!"

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. "ताट? कसलं ताट?" मला सासूबाईंपासून सगळं सांगावं लागलं. वेगळं ताट, उंबऱ्यात रडणारी पोर, बुरोंडी. सूरज माझ्याकडं बघत राहिला. "काकी, बुरोंडी? आये जाणार होती?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, काही काविळी लागतात, पण त्यांची तपासणी झालीय, तुम्हांला त्यातली एकही नाही. हे ताटातनं लागत नाही, पेल्यातनं नाही, हातातनं नाही. "चरबी काय उडी मारून दुसऱ्याच्या पोटात जाते, मावशी?"

"मग माझी नात माझ्या ताटात जेवली तर?"

"जेवू दे."

"हाताला हात लागला तर?"

"लागू दे. मुका घ्या तिचा."

सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं. झालं, असं मला वाटलं. पण डॉक्टरीणबाईंची नजर सूरजच्या पोटावर गेली. म्हणाल्या, काही घराण्यांत लिव्हरातली चरबी तोडायचं हत्यार जन्मापासूनच बोथट असतं, आईकडनं नाहीतर बापाकडनं येतं, तर यांचंही बघून घेऊ. सूरजला आत नेलं, झोपवलं, जेल लावलं. तो बाहेर आला तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लावली होती. त्यालाही होतं. थोडंच, पण होतं.

सत्यवती उभी राहिली. "ताटातनं लागत नाय म्हणालात. आणि माझ्या पोराला लागलंच की!"

"लागलं नाही हो. थोडं रक्तातनं, आणि बाकीचं एकाच घरातल्या खाण्यापिण्यातनं."

"खाणं म्हणजे ताटातलंच ना?"

"हो. म्हणजे, तसं नाही." डॉक्टरीणबाईंनी चष्मा उचलला, घातला, पुन्हा काढला. "ताटाचा दोष नाही. ताटात काय वाढता ते..." त्यांच्याही चेहऱ्यावर मला माझा गोंधळ दिसला. मग त्यांनी सोपं सांगितलं. साखर बंद, भात अर्धा, मासे खा, चाला. चरबी उतरू शकते. दोरे लवकर सुटत नाहीत, पण नवे पडायचे थांबतात.

येताना टेम्पो सूरजच चालवत होता, पुढं आम्ही तिघं दाटीनं बसलो. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा सूरजनं गाडी जरा जोरातच काढली.

मग सत्यवती म्हणाली, "वयनी, ताटातनं लागत असतं तर मी गेले असते. पोरीची सुटका झाली असती. हे जर आधीच रक्तातनं पोचलंय, तर बुरोंडीला जाऊन काय करू?"

"तेच तर," मी म्हटलं. खरं तर मी अजून चांदण्यांपाशीच होते.

"आणि हा मेला होडीवर बिस्किटांचे पुडे घेऊन जातो. ह्याच्यावर नजर कोण ठेवणार? रुपाली? ती तर स्वतः डबा भरून देते."

सूरजनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "नको जाऊस, आये," एवढंच म्हणाला.

पुढचं मधेच सांगून टाकते, नाहीतर विसरीन. सत्यवती आता बाजाराच्या बरीच अलीकडं टेम्पोतनं उतरते आणि बाकीची वाट चालते. बिनसाखरेच्या चहाला ती काढा म्हणते आणि तोंड वाकडं करून पिते. सूरजची बिस्किटं तिनं होडीवर जाऊन शोधून काढली आणि सगळ्या खलाशांसमोर बगळ्यांना घातली. काळ्या पिशवीतली बाटली बंद झाल्यावर चिमा म्हणाली, "सुटली वाटतं गो तिची." परवाच्या तपासणीत चरबी उतरलेली निघाली. मला तर तिचं पोट होतं तेवढंच दिसतं. तसं मी बोलले, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं, टेम्पोतनं उतरल्यानंतरचं.

घरी आलो तर रुपालीनं भाकरी केली होती आणि बांगड्याचं तिखलं. सत्यवतीनं पाय धुतले, ताट घेतलं, भिंतीकडं पाठ करून बसली आणि मांडी थोपटून म्हणाली, "ये गो बाय. जेवायला ये."

सानवी उंबऱ्यात उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ये की. आजी बोलावते ना."

पोरीनं मान हलवली. "शिवायचं नाय," ती म्हणाली. "आजीच्या ताटाला शिवायचं नाय."

रुपालीचा हात भाकरीवरच थांबला. सूरज दारातच चपला हातात घेऊन उभा. मला वाटलं, आता सत्यवती रडणार, नाहीतर पोरीला उचलून घेणार. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. बांगडा घेतला, मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवला, मग बारीक काटे एकेक करून काढले. मासा ताटाच्या काठाशी, उंबऱ्याच्या बाजूला, सारला. स्वतः दुसऱ्या बाजूनं भाकरी मोडून खायला लागली. पोरीकडं बघितलंसुद्धा नाही.

मी बघत होते. सत्यवती ओठ न हलवता म्हणाली, "वयनी, तिच्याकडं बघू नको. माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काय पण बोल. बाजाराचं बोल."

उंबऱ्याकडनं पावलं वाजली. छोटी, एकेक थांबत येणारी. मी घाईघाईनं सांगायला लागले, की या वर्षी कोळंबी फार चांगली येतेय. येतेय की नाही, मला काही माहीत नव्हतं. सत्यवती "हो का, हो का" करत राहिली, आणि तिच्या ताटाच्या काठावरचा बांगडा हळूहळू कमी व्हायला लागला.